शेजारचा दात

आमचे डॉक्टर दात काढतात आणि येशूची सुवार्ता सांगतात, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करतात. माणूस खुर्चीत आडवा, तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी, जबडा बधिर. अशा माणसाला तारणाबद्दल कितीही शंका असल्या तरी तो विचारणार कशा? डॉक्टरांना मात्र त्यात प्रभूची योजना दिसते. लोक किती शांतपणे ऐकून घेतात बघ, असं ते मला जेवताना कौतुकाने सांगतात. मी त्यांची बायको आणि दवाखान्यातली मदतनीसही मीच, त्यामुळे हे शांत लोक खुर्चीचे हात कसे घट्ट धरून ठेवतात ते मला जवळून दिसतं.

नम्रतेच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, असं डॉक्टरांचं स्वतःचं मत होतं. ‘मी कोण? मी धुळीचा कण,’ हे ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचे की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जायचं. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी भर उपासनेत घंटा वाजवणाऱ्या म्हातारबाबांना ‘आपल्या मंडळीतला सर्वांत नम्र माणूस’ म्हटलं. त्या दुपारी डॉक्टरांच्या घशाखाली घास उतरेना. संध्याकाळी कधीतरी ते मला म्हणाले की म्हातारबाबांकडे गर्व करण्यासारखं आहेच काय, त्यांना नम्र असणं सोपंच.

माणूस वाईट नाही हे आधीच सांगून टाकते. हात हलका आहे, घाबरलेल्या मुलांशी छान खेळतात, आणि सुट्टीच्या दिवशी कोणी गाल धरून दारात उभा राहिला तर कपाळावर आठी पडत नाही. पण एकदा का आपण देवाच्या बाजूने बोलतोय असं वाटलं की समोर बसलेल्या माणसाचीही काही बाजू असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

मला भाऊ एकच. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे दादा. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आता घरीच असतो. देवावर त्याचा विश्वास नाही, पण त्यावरून तो कधी कोणाशी भांडला नाही. वहिनी मात्र अगदी मनापासून भाविक. दर रविवारी ती उपासनेला यायची आणि दादा तिच्याबरोबर यायचा. शेवटून दुसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसायचा. गाणी म्हणायचा नाही, पण पुस्तकातलं पान तिला काढून द्यायचा, कारण तिला चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत आणि चष्मा ती हमखास घरी विसरायची.

वहिनी गेली तेव्हा कबरीजवळ चार शब्द बोलायचं काम डॉक्टरांकडे आलं. चार शब्दांवर ते थांबणारे नव्हतेच. आमची बहीण आता कुठे आहे ते आम्हांला ठाऊक आहे, ते म्हणाले, प्रश्न आहे तो मागे राहिलेल्यांचा. तिला पुन्हा कधीच भेटू शकणार नाहीत असेही काही जण इथे उभे आहेत आणि त्यांना हे कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं. असं म्हणून त्यांनी प्रेमाने दादाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. दादाच्या मुठीत माती होती, कबरीत टाकण्यासाठी घेतलेली. ती त्याने जागच्या जागी पायाशी सोडली आणि तो निघून गेला.

तेव्हापासून तो आमच्या घरी आला नाही आणि उपासनेलाही नाही. मी त्याच्याकडे जायचे. माझ्याशी त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही, पण घरी चल म्हटलं की तो हवेबद्दल बोलायला लागायचा. एका पातेल्यात काहीतरी शिजवायचं आणि त्याच पातेल्यात जेवायचं, असं त्याचं चाललेलं. परत येताना मला रडू यायचं. डॉक्टरांपुढे मी दाताच्या कण्या केल्या की एकदा जा, एकदा नुसतं चुकलो म्हणा. ते म्हणायचे, मी सत्य सांगितलं, आणि सत्याबद्दल माफी मागायची तर ती प्रभूचीच मागावी लागेल. एवढं बोलून ते त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसायचे. त्या प्रार्थनेत दादाचा हट्टीपणा सोडून दुसरं काही नसायचं.

अशात एक दिवस दादाचा फोन आला. आवाज गालात काही धरल्यासारखा. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, झोप उडाली होती, आणि ज्या दुसऱ्या डॉक्टरकडे तो जायचा ते आपल्या मुलीकडे परगावी गेले होते. आमच्याकडे येण्यावाचून इलाज नव्हता, आणि ते त्याला किती जड जात होतं ते मला ऐकू येत होतं.

“तुझ्या डॉक्टरला म्हणावं, दात काढ,” तो म्हणाला. “आत्म्याचं माझं मी बघेन.”

मी फोन ठेवला आणि डॉक्टरांना समोर बसवलं. दादा खुर्चीत असेपर्यंत देवाचं नावही काढायचं नाही, एवढंच माझं मागणं होतं. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि आपण एक शब्दही बोलणार नाही असं जाहीर केलं. मी म्हटलं, तेवढं नको, देवाबद्दल नको एवढंच म्हणतेय. पण अर्धवट त्याग त्यांच्या स्वभावात बसत नाही. दादा दारात पाऊल टाकेल तेव्हापासून बाहेर पडेपर्यंत ते संपूर्ण मौन पाळणार होते. आणि ही गोष्ट त्यांनी माझ्यापुरती ठेवली असती तर ते आमचे डॉक्टर कसले? त्या सकाळी आलेल्या एकूणएक पेशंटला, आज दुपारी एका कठीण आत्म्यासमोर आपण कसे मुके होणार आहोत, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. पेशंट नेहमीप्रमाणे शांतपणे ऐकत होते.

इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. दात उपटण्याआधी डॉक्टर तो कोणता ते मोठ्याने म्हणतात. म्हणजे ‘खाली, उजवीकडे, सहावा.’ मोजणी समोरच्या मधल्या दातापासून मागे जाते. मी हातातल्या कार्डावर पाहून तेच परत म्हणते, आणि काही वेगळं असेल तर तेही जोडते. माझं म्हणून झाल्याशिवाय चिमटा दाताला लागत नाही. दवाखाना उघडला तेव्हापासून हे असंच चालू आहे. प्रवचन कितीही रंगात आलेलं असो, ह्या जागी ते थांबतं, आधी त्यांचा आणि मग माझा आवाज होतो, आणि मग प्रवचन सोडलं तिथून पुढे सुरू होतं.

दादाच्या कार्डावर मी लिहिलं होतं की काढायचा तो खाली, उजवीकडे, सहावा, आणि पाचवा आधीच काढलेला आहे. तो पाचवा दादा शाळकरी असताना गेला होता आणि मागचे दात हळूहळू पुढे सरकून त्याची जागा बुजली होती. त्यामुळे तोंडात डोकावून नुसतं एक ते सहा मोजलं तर बोट खऱ्या सहाव्यावर न येता शेजारच्या सातव्यावर येतं. दोन्हींत जुनी चांदी भरलेली, दोन्ही वरून सारखेच दिसणारे.

दादा वेळेवर आला. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून मान लववली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि ह्यांना काय झालंय असं विचारलं. घसा बसलाय, मी म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

इंजेक्शन झालं. जबडा बधिर व्हायला वेळ लागतो, आणि एरवी ह्या वेळात आमच्याकडे आदामाच्या पापापासून सुरुवात होऊन कृपेपर्यंत मजल जाते. त्या दिवशी नुसता नळाचा आवाज होता. डॉक्टरांनी डोळे अर्धवट मिटले होते आणि चेहऱ्यावर असं काही पावित्र्य आणलं होतं की त्यांना आरशासमोर उभं करून दाखवावंसं वाटत होतं. पण मी खूश होते. दादाने सुरुवातीला खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते हळूहळू सैल झाले. एकदा त्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, लहानपणी वडील ओरडत असताना उडवायचा तशा. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

डॉक्टरांनी चिमटा उचलला. ते बोलणार नव्हते, तर आपणच म्हणावं म्हणून मी कार्ड वर धरलं आणि ‘खाली’ म्हणाले. डॉक्टरांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. मी कार्डाकडे बोट दाखवलं. त्यांनी, कळलं, कळलं, अशी मान हलवली आणि डोळे पूर्ण मिटून घेतले. ओठ हलत होते. ते दादासाठी प्रार्थना करत होते हे मला समजलं, आणि अशा वेळी त्यांना हलवायचं कसं ते मला सुचेना. मग त्यांनी डोळे उघडले, छोट्या आरशाच्या टोकाने मनातल्या मनात एक ते सहा मोजले आणि चिमटा लावला. दात चिवट निघाला. शेवटी कट्‌ असा आवाज झाला, एक मूळ आत तुटून राहिलं होतं. तेही त्यांनी मोठ्या सफाईने बाहेर काढलं.

दात ताटलीत पडला तेव्हा मी पाहिला. स्वच्छ, पिवळसर पांढरा, कुठे डाग नाही, भरलेली चांदी जागच्या जागी. मग मी दादाच्या तोंडात पाहिलं. दुखणारी दाढ कडेने काळी पडलेली, तशीच बसली होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनीही एव्हाना दोन्ही पाहिलं होतं आणि चेहऱ्यावरचं पावित्र्य कुठल्या कुठे पळालं होतं. त्यांनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला, दादाला दात आवळून धरायची खूण केली आणि हत्यारं धुवायच्या खोलीत गेले. मी ताटली घेऊन मागोमाग गेले.

त्यांनी ताटलीतला दात उचलून तळहातावर घेतला. मी दार लोटलं.

“त्याला कळणार नाही,” मी हळू आवाजात म्हणाले. “सगळी बाजू बधिर आहे. दुखणारा आत्ताच काढून टाका आणि सांगा, दोन्ही खराब होते.”

त्यांनी दात उलटून मुळाकडे पाहिलं.

“मला माझा भाऊ परत हवाय,” मी म्हणाले. “आज तो आलाय. हे सांगितलंत तर पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाही. आणि तो असेपर्यंत बोलणार नाही असं तुम्हीच म्हणालात.”

उभं आयुष्य ज्याला गप्प बसा म्हणून विनवलं त्याला मी आता एक खोटं पचवायला गप्प बसा म्हणत होते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणत होते, आणि त्यांनी ऐकलं असतं तर मी सुखाने झोपले असते. त्यांनीही ऐकावं अशीच सगळी परिस्थिती होती. चुकीचा दात काढणारा डॉक्टर म्हणून नाव झालं की दवाखान्याला कुलूपच. शिवाय ज्याला वर्षानुवर्षं त्याचे दोष दाखवत आलो त्याच्यापुढे आपला दोष धरायचा म्हणजे जिवावरचं काम. डॉक्टरांनी दात ताटलीत ठेवला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग दार उघडून बाहेर गेले.

ते पेशंटशी बोलतात ते नेहमी त्याच्या डोक्यामागे उभे राहून. पेशंटला वर दिवा दिसतो आणि दिव्याच्या कडेला त्यांच्या नाकपुड्या. त्या दिवशी त्यांनी माझं बुटकं स्टूल ओढून खुर्चीच्या समोर ठेवलं आणि त्यावर बसले. दादा वर आणि ते खाली, असं झालं. त्यांनी घसा साफ केला. बायबलमधलं वचन म्हणण्याआधीचा तो चेहरा मला पाठ आहे.

“मनुष्य हा...” ते म्हणाले आणि थांबले. गिळल्यासारखं काहीतरी केलं. “दादा, मी चुकीचा दात काढला. दुखणारा तसाच आहे. काढला तो चांगला होता. परत बसवता येणार नाही, त्याचं मूळ तुटलंय. ही मला सांगत होती, मी तिला गप्प केलं. चूक माझी आहे.”

दादा काय बोलणार? त्याच्या तोंडात बोळा होता आणि रक्त थांबेपर्यंत तो आवळून धरायचा होता. त्याने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग नजर वर, दिव्याकडे लावली. डॉक्टर स्टुलावरच बसून राहिले. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत समोरच्याच्या उत्तराची वाट पाहायची वेळ आली नव्हती, आणि ते त्यांना किती जमत नव्हतं ते स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडायचे, मिटायचे. एकदा ‘प्रभू’ एवढं बाहेर आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. शेवटी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून बसले. मी कपाट पुसत होते. ते सकाळीच पुसलेलं होतं.

मग दादाने स्वतःच बोळा काढून वाटीत टाकला. ओठ लुळा पडलेला, शब्द बाजूने सांडत होते, पण आवाज वर्गातला होता.

“आणि कबरीजवळ बोललात ते?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला वाटलं आता सत्य येणार, प्रेम येणार, सगळं येणार.

“तेही चुकलंच,” ते म्हणाले. “तुमची बायको गेली होती आणि मी भाषण करत होतो.”

दादाने ओठावरचं रक्त पुसलं. तो आता उठेल, कोट घालेल आणि जाईल, आणि ह्या वेळी मला त्याच्या मागे जायलाही तोंड उरणार नाही, असं मला वाटत होतं. तो उठला नाही. मागे रेलला आणि डोकं टेकवलं.

“दुखणारा काढा आता,” तो म्हणाला. “मोजायचं काम ठमीला द्या.”

ठमी म्हणजे मी. हे नाव मी वहिनी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मी मोजलं, दोनदा मोजलं, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिसऱ्यांदा मोजलं.

आमचं घर दवाखान्याच्या वरच आहे. दादा वर आला. मी सूप केलं, कोमट करून दिलं, आणि तो चांगल्या बाजूने हळूहळू प्यायला. जेवणाआधीची प्रार्थना डॉक्टरांनी इतकी छोटी केली की माझे डोळे मिटायच्या आत ती संपली. थोड्या वेळाने दादा म्हणाला की त्याला रविवारी उपासनेला यायचंय. देवासाठी नाही, हे त्याने लगेच सांगून टाकलं. वहिनीच्या बाकावर जाऊन बसावं असं त्याला कितीदा वाटायचं. घरात ती इतकी आठवत नाही, तो म्हणाला, घरात ती सतत काही ना काही करत असायची. शांत बसलेली ती फक्त तिथेच पाहिली होती.

नेमकं त्या रविवारी प्रवचन डॉक्टरांचं होतं. विषय ‘सुवार्ता सांगण्यात नम्रतेचं स्थान.’ दवाखान्याच्या दारावरही त्याचं पत्रक लागलं होतं. दादाचं बोलणं संपलं तसं डॉक्टरांचं डोकं हळूच वर झालं, आणि मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं तर तिथे सगळं प्रवचन मांडून तयार होतं. दात, स्टूल, पश्चात्ताप, आणि शेवटी शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेला दादा. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण दादाने आयुष्यभर वर्गातली हात वर करायला उतावीळ झालेली पोरं पाहिलेली होती.

“तुम्ही वर उभे असाल तर मी येणार नाही,” तो म्हणाला. “आणि आजचं हे तुम्ही कुठे सांगायचं नाही. माझ्या दाताचा दाखला व्हायला नको.”

असा प्रसंग मंडळीपुढे देवाची साक्ष देणाऱ्या माणसाच्या वाट्याला जन्मात एकदा येतो. डॉक्टरांचा चेहरा बघून मला त्यांची दया आली. त्यांनी सुपात चमचा ढवळला, बराच वेळ ढवळला.

“बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पाळकसाहेबांना भेटले आणि ह्या रविवारी बोलणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर सांगता येईना. पाळकसाहेबांना ते लागलं. पत्रकावर डॉक्टरांचं नाव गायनमंडळाच्या नावाखाली, बारीक अक्षरात छापलं गेलं होतं, आणि त्यांचा स्वभाव पाहता पाळकसाहेबांनी जे ओळखायचं ते ओळखलं. डॉक्टर रुसले, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत झाली. मला दोन बायकांनी येऊन सांगितलं की पुढच्या वेळी ठळक छापू, त्यांना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. मी घरी येऊन हे डॉक्टरांना सांगितलं. ते चवताळून उठले, दोनदा खोलीत फेऱ्या मारल्या आणि मग मूग गिळून बसले.

रविवारी दादा आला. एक गाल अजून सुजलेला. वहिनीची जागा मधे मोकळी ठेवून आम्ही बसलो, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. त्याने गाण्याचं पुस्तक घेतलं, पान काढलं आणि ते उघडं पुस्तक मोकळ्या जागेवर ठेवलं.

प्रवचन पाळकसाहेबांनी केलं, विषय तोच ठेवला. पहिला भाग बरा होता. मग ते म्हणाले की काही बंधूंना सुवार्तेपेक्षा स्वतःचा आवाज जास्त प्रिय असतो, आणि पत्रकावर नाव बारीक छापलं गेलं तर अशा बंधूंचा घसा अचानक बसतो. लोक वळले. पुढच्या रांगांमधली डोकी एकेक करून आमच्याकडे फिरली. डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती, आणि ते वाक्य त्यांच्या दातांवर येऊन थांबलंय हे मला दिसत होतं. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं आणि ब्र काढला नाही. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांच्या एकाही प्रवचनाने वाटला नव्हता.

दादा माझ्याकडे कलला. हे ह्यांच्याबद्दल चाललंय का, त्याने विचारलं. मी मान हलवली. मग हे सांगत का नाहीत, तो म्हणाला. तूच नको म्हणालास, मी म्हणाले. तो सरळ बसला आणि सुजलेला गाल चोळत राहिला.

आमच्याकडे प्रवचनानंतर साक्षीसाठी वेळ असतो. ज्याला देवाचा अनुभव सांगायचा असेल त्याने उभं राहायचं. तेच तेच लोक उभे राहतात. त्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं आणि शेवटून दुसऱ्या रांगेत दादा उभा राहिला. कोणीतरी पुढे आनंदाने ‘आमेन’ म्हणालंसुद्धा.

“माझा देवावर विश्वास नाही,” दादा म्हणाला. “तो बसेल असंही वाटत नाही, तेव्हा कोणी आशा लावून बसू नका. डॉक्टर आज बोलले नाहीत ते मी नको म्हटलं म्हणून. मला माझ्या बायकोच्या शेजारी बसायचं होतं आणि ते वर असते तर मी आलो नसतो. त्यांनी परवा माझा चांगला दात काढला. दुखणारा सोडून शेजारचा. दोन्ही खराब होते म्हणाले असते तर मला जन्मात कळलं नसतं. पण त्यांनी समोर बसून सांगितलं. आणखी एका गोष्टीचीही माफी मागितली, ती काय ते कबरीजवळ जे होते त्यांना माहीत आहे. हे कोणाला सांगू नका असं मीच त्यांना बजावलं होतं. एवढंच.”

तो खाली बसला. आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांचे दात आमच्याच खुर्चीत निघालेत. मला गालांच्या आतून फिरणाऱ्या जिभा दिसल्या. जो तो आपापली रिकामी जागा चाचपून पाहत होता. घंटा वाजवणारे म्हातारबाबा, ज्यांना आता एकही दात नाही, ते तेवढे निवांत होते. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कृतज्ञतेचं की दवाखान्याच्या काळजीचं, हे मी विचारलं नाही.

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी एक बाई दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत गेल्या. डॉक्टर घासलेली हत्यारं पुन्हा घासत होते. मला दादाचा मनस्वी राग आला होता. ह्याला खरं बोलायला तेवढीच जागा सापडली? बोलायला सांगितलं होतं कोणी?

दुपारी दादाच आला. हातात पेपर होता. खुर्चीच्या खोलीत न येता तो बाहेरच्या खोलीतच, रस्त्याकडच्या काचेजवळच्या बाकावर बसला, बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल असा, आणि पेपर उघडला. मी बाहेर जाऊन दुखतंय का विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण आत कोणीतरी बसलेलं दिसलं तर दुसरं कोणी यायला धजेल.”

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते दारात आले आणि उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी आतल्या टेबलावरचा दिवा आणून दादाच्या डोक्याशी लावला, त्याला वाचता यावं म्हणून, आणि आत गेले. आता दादा रोज येतो, संध्याकाळपर्यंत तिथे बसतो आणि आमच्याकडे जेवून घरी जातो.